महिनाभर बाहेर ठेवून कुत्री शहाणी होते का?

पत्र थोडक्यात: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे. जुना वाडा, घरात सासू-सासरे, नवरा, आठ वर्षांचा मुलगा. त्या स्वतः शाळेत शिकवतात. फेब्रुवारीत त्यांनी शेल्टरमधून दोनेक वर्षांची देशी कुत्री आणली. नसबंदी झालेली, कानाला खाच असलेली. मुलानं नाव ठेवलं बुंदी. पहिले पंधरा दिवस ती जिन्याखालून हललीसुद्धा नाही. ना भुंकणं, ना त्रास. सगळे म्हणाले, काय गुणी आहे! मग एकेक सुरू झालं. चौकात शू करते, हाक मारली की भलतीकडेच जाते, पट्टा लावला की माणसालाच ओढत नेते, सासऱ्यांची कोल्हापुरी चप्पल कुरतडली. आणि एके दिवशी सासरे (घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात) तिची जेवणाची ताटली उचलायला गेले तर गुरगुरली. चावली नाही. अण्णांकडे पूर्वी अल्सेशियन होता, "ताटलीत हात घातला तरी हूं की चूं करायची टाप नव्हती त्याची." तेव्हापासून ते रोज एकदा ताटली उचलून बघतात, सुधारली का म्हणून. ती रोज गुरगुरते. दरम्यान एक ट्रेनर घरी येऊन गेला. त्यानं चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घातली, दोन झटके दिले आणि दहा मिनिटांत बुंदीला बसवून दाखवलं. महिनाभर त्याच्या फार्महाऊसवर ठेवायची, वीस हजार रुपये. नवरा पाठवायला तयार आहे. अण्णा म्हणतात, पाठवा नाहीतर परत करा, टेकनपूरच्या अकादमीतली कुत्री बघा, नजरेच्या धाकात असतात. पत्राच्या शेवटी विचारलं आहे: "मीच लाड करून बिघडवली का हिला? पाठवू, की परत करू?"

उत्तर:

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. ट्रेनरसमोर बुंदी बसली तेव्हा तिची शेपटी पोटाखाली घातलेली होती, कान मागे चिकटले होते आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. घरातल्या इतरांनी कुत्री बसलेली पाहिली, तुम्ही तिची शेपटी पाहिलीत. लाड करून बिघडवणाऱ्या माणसाचं हे लक्षण नव्हे. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं याच नजरेवर अवलंबून आहे, म्हणून ते आधी सांगितलं.

माझं मत लगेच सांगते, कारणं मागून देते. महिनाभर पाठवू नका. परत करण्याचा विचार आज नको. तो विचारच पाप आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी ते "गुणी" दिवस. घरातल्या सगळ्यांनी असं धरलं आहे की कुत्री मुळात शहाणी होती आणि दीड महिन्यात बिघडली. मला उलटं दिसतं. जिन्याखाली पंधरा दिवस न हलणारी कुत्री शांत नसते, ती भ्यालेली असते. शेल्टरमधला गलका, दहा कुत्र्यांत मिळवायचं अन्न, आणि तिथून एकदम तुमच्या वाड्यात: कुकरच्या शिट्ट्या, घंटा, वरच्या मजल्यावरून धावत येणारं पोर. अशा वेळी पुष्कळ कुत्री स्वतःला मिटून घेतात. कुत्री दत्तक देणारे लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले 3 दिवस भेदरलेले, 3 आठवडे घराची रीत समजून घेण्याचे, 3 महिने घर आपलं वाटण्याचे. कुठल्याही कुत्र्याला तो तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा बरोबर आहे. म्हणजे बुंदी आत्ता कुठे उघडायला लागली आहे. चप्पल कुरतडणं, गुरगुरणं, पट्टा ओढणं हे तिचं पहिलं खरं वागणं. ते सगळं गोड नाही, हे कबूल. पण जे कधी शिकवलंच नाही ते ती विसरली असं कसं म्हणणार?

याला जोडूनच एक वाक्य तुमच्या यजमानांच्या तोंडी आहे: "आपण हिला तिथून सोडवलं, आणि ही आपल्यावरच गुरगुरते." शेल्टरमधून आणलेल्या प्राण्याबद्दल हे फार जणांना वाटतं, आणि वाटणं साहजिक आहे. पण सोडवल्याचा हिशेब आपल्या वहीत असतो. तिच्या लेखी एवढंच घडलं की ओळखीची जागा गेली आणि अनोळखी माणसं आली.

आता ताटली. सगळ्यांत जास्त लक्ष इथे हवं, कारण घरात आठ वर्षांचं मूल आहे.

बुंदीच्या बाजूनं बघा. ती जेवते आहे. मोठा हात वरून येतो. ताटली जाते. ती गुरगुरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अण्णांच्या मनात ही परीक्षा आहे. बुंदीसाठी ती रोजची शिकवणी आहे, आणि धडा असा की माणूस जवळ आला की जेवण जातं. आपण जे मोडायला निघालो तेच रोज एकदा घोटून घेतो आहोत. तिची तक्रार रास्त आहे हो. माझ्या पुढ्यातलं वरण-भाताचं ताट कुणी रोज तोंडाशी घास असताना उचललं, तर मीही काही गोड बोलणार नाही.

गुरगुरण्याबद्दल शिक्षा करावी असं अण्णांना आणि ट्रेनरला दोघांनाही वाटतं. इथे मी हात जोडून सांगते, करू नका. गुरगुरणं ही पूर्वसूचना आहे. मार देऊन ती बंद करता येते, अगदी सहज येते. पण आतली भीती तशीच राहते आणि आवाज तेवढा जातो. मग एखाद्या दिवशी कुत्री "काही न सांगता" चावते. लोक म्हणतात, अचानक चावली. अचानक नसतं ते, सूचना आपणच बंद केलेली असते. बुंदी गुरगुरली आणि थांबली, चावली नाही, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत दिलासा देणारी बातमी आहे.

तर आजपासून ताटली उचलणं बंद. तिचं जेवण जिन्याखालीच द्या, तिची ती जागा आहे, आणि ती जेवत असताना त्या बाजूला कुणी फिरकू नये. एखादी बाज किंवा जुनी फळी आडवी लावली तर उत्तम. ती संपवून बाहेर आली की मग ताटली घ्या. आठवडाभर एवढंच. नंतर तुम्ही, फक्त तुम्ही, ती जेवत असताना लांबून जायचं. इतक्या लांबून की तिचं खाणं संथ चालू राहिलं पाहिजे. जाता जाता पनीरचा एक तुकडा तिच्या ताटलीकडे टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. बघत उभं राहायचं नाही, गोंजारायचं नाही. काही दिवसांनी अर्धं पाऊल जवळून. माणूस आला की ताटलीतलं कमी न होता वाढतं, हे तिच्या अंगात मुरलं पाहिजे. अंतर फार कमी केलं की ती तुम्हाला सांगेल: अंग ताठ होईल, मान खाली घालून भराभर गिळायला लागेल, मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघेल आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसेल. असं दिसलं की मागे सरका, उद्या पुन्हा. तुमचं जमलं की ही कामगिरी अण्णांना द्या. ज्या हातानं ताटली जात होती त्याच हातानं पनीर यायला लागलं, तर त्याचा उपयोग इतर कुणाच्याही हातापेक्षा मोठा. मुलाला मात्र यात अजिबात घेऊ नका. ताटलीजवळ त्यानं जायचंच नाही, आज नाही आणि सहा महिन्यांनीही नाही.

अण्णांच्या अल्सेशियनबद्दल मला आदर आहे. पण तो याच घरात पिल्लू म्हणून आला, एकाच माणसाच्या हाताखाली वाढला. बुंदीनं दोन वर्षं स्वतःचं पोट स्वतः भरलं आहे. दोघांना एकच परीक्षा कशी लावायची? आणि तो काही बोलत नव्हता म्हणजे त्याला चालत होतं, की तो सोसत होता, ते आता त्यालाच विचारायला हवं.

टेकनपूरचा दाखला अण्णांनी बरा दिला, कारण तो त्यांच्याविरुद्ध जातो. झाशी रस्त्यावर, आपल्याच जिल्ह्यात, सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत 1970 पासून राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. अलीकडे तिथे मुधोळ आणि रामपूर हाउंड या देशी जातीही तयार होतात. तेव्हा देशी कुत्र्याला अक्कल नसते हे तरी कुणी म्हणू नये. पण तिथे कुत्रं सोडून येता येत नाही. कुत्र्याबरोबर त्याचा हॅन्डलरही शिकायला असतो. महिनोन्‌महिने तोच खायला घालतो, तोच खरारा करतो, तोच मैदानात उतरवतो. नजरेच्या इशाऱ्यावर चालणारं जे कुत्रं आपण परेडमध्ये बघतो, ते त्या एका माणसाच्या नजरेवर चालत असतं, आणि त्या माणसानं ती नजर कष्टानं कमावलेली असते. कुत्री इस्त्रीला टाकलेल्या कपड्यासारखी पैसे देऊन घडी घालून परत आणता येत नाही.

कुत्र्यांचं शिकणं जागेला आणि माणसाला फार चिकटलेलं असतं. फार्महाऊसच्या आवारात, त्या माणसासमोर, त्या साखळीत बसायला शिकलेली बुंदी तुमच्या चौकात दूधवाला आल्यावर बसेलच असं नाही. तिथली भीती तिथेच राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भीती घरी येते आणि शिकलेलं तिथे राहतं. शिवाय जी कुत्री दीड महिन्यापूर्वीच एकदा उखडली गेली, तिला पुन्हा महिनाभर उखडायचं, आणि मग तिनं तुमच्यावर भरवसा ठेवावा अशी अपेक्षा करायची.

चोक चेनचं काम साधं आहे. दुखतं, म्हणून कुत्रं थांबतं. श्वासनलिका आणि मानेला इजा होऊ शकते ते वेगळंच. "तिला कळलं पाहिजे घरात मालक कोण" हे जे वाक्य ट्रेनरनं तुम्हाला ऐकवलं, त्याचा उगमही सांगण्यासारखा आहे. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात, मारामाऱ्या व्हायच्याच. त्यावरून कळपाचा एक दादा असतो ही कल्पना निघाली. 1970 मध्ये डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकानं ती लोकप्रिय केली आणि कुत्रे शिकवणाऱ्यांनी उचलली. पुढे मेक यांनी मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक आई-बाप आणि त्यांची पिल्लं, दादागिरीचं चित्र तिथे लागू होत नाही. लांडग्यांच्या अभ्यासकांनी सोडून दिलेली गोष्ट आपल्याकडचे पुष्कळ ट्रेनर अजून घट्ट धरून बसले आहेत.

सगळे ट्रेनर असे नसतात. वीस हजार खर्च करायची तयारी आहेच, तर त्यातला काही भाग घरी येऊन शिकवणाऱ्या माणसावर करा. त्याला पहिलाच प्रश्न विचारा: कुत्र्याचं चुकलं तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, साखळी, पाणी मारणं, उपाशी ठेवणं यातलं काही आलं तर चहा पाजून निरोप द्या. "चुकलं म्हणजे मी अवघड मागितलं, सोपं करतो" असं काही म्हणाला, तर पुढे बोला. शिकवताना आम्ही बघू शकतो का आणि आमच्याकडून करून घ्याल का, हेही विचारा. चांगला ट्रेनर कुत्र्यापेक्षा माणसांशी जास्त वेळ बोलतो.

आणि आता माणसांकडेच वळते, कारण खरी अडचण मला तिथे दिसते. तुमच्याच पत्रावरून लिहिते. तुम्ही बुंदीला "बस" म्हणता. यजमान "सिट" म्हणतात. अण्णा "बैठो" म्हणतात, तेही ट्रेनर म्हणाला म्हणून. चिरंजीव "सिट सिट सिट बुंदी सिट ना" असं एका दमात म्हणतात. दिवाणावर ती तुमच्याजवळ बसली तर चालतं, यजमान आले की तिथूनच हाकलली जाते. सासूबाई तिला माजघरात येऊ देत नाहीत, आणि माजघराच्या उंबऱ्यावरूनच पोळीचा तुकडा टाकतात. (दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री चालतात, पण ते असो.) हा आज्ञाभंग नाही हो. एका घरात पाच कायदे आहेत आणि बुंदी सहावा शोधते आहे.

म्हणून एका रविवारी चहाच्या वेळी सगळ्यांना बसवा आणि ठरवून टाका. बुंदीशिवाय. दिवाणावर चढायचं की नाही, एकच उत्तर. माजघरात यायचं की नाही, एकच उत्तर. कुठलं उत्तर, याच्याशी बुंदीला काही देणंघेणं नाही. सासूबाईंचं माजघर त्यांच्या मर्जीनं बंद राहू द्या, तिथे वाद घालू नका. पण मग उंबऱ्यावरून पोळीही नाही. शब्दही ठरवा. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, पण घरभर एक. कागदावर लिहून फ्रीजवर लावा. आणि प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण जोडा, कुत्री शब्दापेक्षा हात लवकर वाचतात.

सुरुवातीला शब्द थोडेच ठेवा. पहिलं तिचं नाव. चौकात ती इकडेतिकडे बघत असताना एकदाच, हलक्या आवाजात "बुंदी". तिनं तुमच्याकडे पाहिलं की त्या क्षणी "शाब्बास" आणि तोंडात तुकडा. त्या क्षणी म्हणजे सेकंदाच्या आत. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज उघडून पनीर आणेपर्यंत ती माशी बघून आलेली असते, आणि बक्षीस माशी बघितल्याचं ठरतं. तुकडे खिशात हवेत, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. नाव घेतल्यावर बघितलं नाही तर पुन्हा पुन्हा हाका मारू नका, जवळ जा, अंतर कमी करा. मग "ये". याचा एकच नियम पाळा: "ये" म्हणून बोलावलं की तिच्या बाबतीत कधीही वाईट घडता कामा नये. अंघोळ घालायची आहे, गोळी द्यायची आहे, रागवायचं आहे, तर आपण उठून जायचं, तिला बोलवायचं नाही. तुमच्याकडे हाक मारल्यावर ती भलतीकडे जाते, कारण आतापर्यंत हाक मारून बहुधा पट्टा, पाणी किंवा ओरडा मिळाला असावा. त्यानंतर "बस" आणि "सोड". "सोड" शिकवताना चप्पल ओढून घेऊ नका. चपलेपेक्षा चांगली वस्तू नाकाशी धरा, तोंड उघडलं की शब्द उच्चारा, वस्तू द्या, चप्पल उचला. ओढाओढीत चप्पल तिच्यासाठी आणखी मोलाची होते. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा, आणि ती कंटाळायच्या आत थांबा. शिक्षिका आहात, हे तुम्हाला मी काय सांगावं.

"ही लाच झाली" असं अण्णा म्हणतील. म्हणू द्या. लाच कामाच्या आधी दाखवतात, मोबदला कामानंतर मिळतो. तुकडा हातात नाचवून "बस, बस" म्हटलं तर ती लाचच, आणि तुकडा नसेल तेव्हा ती बसणार नाही. बसल्यावर खिशातून निघाला तर तो पगार. पेन्शनर माणसाला हा फरक चटकन पटेल.

तुकडे कशाचे? पनीर, उकडलेलं अंडं, घरात चालत असेल तर मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, गाजराच्या चकत्याही पुष्कळ कुत्र्यांना आवडतात. तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. सासूबाईंना एक सांगायला हवं: प्रसादाचा शिरा नको, त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा-लसूण आणि चॉकलेटही नको, शिजवलेली हाडं तर मुळीच नकोत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

चौकातल्या शूबद्दल फार चिंता नको, ती सर्वांत लवकर सुटेल. झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर आणि रात्री निजायच्या आधी तिला एकाच ठरलेल्या जागी न्या, तिथे झालं की तिथेच शाब्बासकी. घरात झालं तर नाक घासणं वगैरे जुने प्रकार नकोत, त्यातून ती एवढंच शिकते की माणसांसमोर शू करायची नाही, मग दिवाणामागे जाऊन करते. फिनाईलनं वास आपल्या नाकाचा जातो, तिच्या नाकाचा जात नाही. पाळीव प्राण्यांसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. पण ती झोपेत असताना अंथरूण ओलं होतंय का हे मात्र बघा. नसबंदी झालेल्या काही माद्यांना ते होतं, आणि त्यावर औषध असतं, शिकवणी नसते.

त्यावरून आठवलं, हे खरं तर सगळ्याच्या आधी करायला हवं: पशुवैद्याकडे एकदा नीट तपासणी. कान, दात, सांधे, लघवी, गोचिडांमुळे होणाऱ्या तापासाठी रक्त. दुखणारं कुत्रं चिडकं असतं, आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो. शेल्टरमधून लसीकरणाचं कार्ड मिळालं असेल, ते बरोबर न्या. रेबीजची लस कधी झाली ते तारखेनिशी बघून घ्या.

फिरवायला गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस घ्या. तिनं ओढलं की थांबा, पट्टा सैल झाला की चाला. पहिले काही दिवस गल्लीच्या टोकापर्यंतही पोचणार नाही, लोक हसतील, हसू द्या. हुंगू द्या तिला. गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीसमोरून रेटत नेऊ नका, रस्ता बदला. एप्रिल तोंडावर आला आहे, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पारा 45 ला टेकतो. सकाळी सहाच्या सुमारास आणि संध्याकाळी डांबर निवल्यावरच बाहेर काढा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही नाही.

मुलाबद्दल. तो तिला मिठी मारतो आणि ती "छान जांभया देते, ओठ चाटते" असं तुम्ही लिहिलं आहे. त्या जांभया झोपेच्या नाहीत. मला हे आवडत नाहीये, असं ती सांगते आहे. मिठी बंद. मुलाला हे रागवून सांगू नका, हेरगिरीचं काम म्हणून द्या: बुंदी कधी जांभई देते, कधी तोंड फिरवते, कधी शेपटी खाली घेते, वहीत लिहायचं. आठ वर्षांची मुलं यात मोठ्यांना मागे टाकतात. तिनं स्वतःहून जवळ यावं, त्यानं हनुवटीखाली थोडं खाजवावं, हात काढून घ्यावा, ती पुन्हा पुढे आली तर पुन्हा. ती झोपली असताना किंवा जिन्याखाली असताना हात लावायचा नाही. आणि मोठं माणूस हजर नसताना दोघांना एकत्र ठेवायचं नाही, पाच मिनिटांसाठीही. कधी दात लागलाच, नुसता ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर. कुत्रीला लस दिली आहे म्हणून घरी बसायचं नाही.

राहिलं परत करणं. वरचं सगळं दोन-तीन महिने नीट केलं आणि तरी बुंदी जेवणाव्यतिरिक्तही मुलाकडे ताठ होऊन रोखून बघते, त्याच्या नुसत्या चालण्यावर गुरगुरते, किंवा हवेत दात मारते, तर तुमचं घर तिच्यासाठी योग्य नाही असं म्हणावं लागेल. लहान मूल नसलेल्या घरात हीच कुत्री सुखानं राहू शकते. तसंच घरातल्या मोठ्यांनी काही म्हणता काही बदलायचं नाकारलं, ताटली उचलणं चालूच राहिलं, तरीही. तुम्ही एकटीनं शाळा, घर सांभाळून पाच जणांच्या वाट्याचं काम ओढावं असं मी सांगणार नाही. अशा वेळी शेल्टरला तसं सांगून, त्यांच्या हातात देणं यात लाज नाही. कुठेतरी शहराबाहेर सोडून येण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मात्र ऐकू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती तिथे टिकणार नाही.

पण शेल्टरशी बोलायला दोन-तीन महिने थांबू नका. याच आठवड्यात फोन करा. ती तिथे किती दिवस होती, एकटी जेवायची की इतर कुत्र्यांबरोबर, कुणाशी ताटलीवरून भांडण व्हायचं का, कुठल्या माणसाजवळ जायची, मुलं भेटायला यायची तेव्हा काय करायची, हे सगळं विचारा. रोज खायला घालणाऱ्या कर्मचाऱ्याशीच बोलायला मिळालं तर फार बरं, त्याला या गोष्टी माहीत असतात आणि त्याला सहसा कुणी विचारत नाही.